खोट आणि खोटे

मराठी भाषेत 'खोट' आणि 'खोटे' हे दोन शब्द अगदी शेजारी शेजारी नांदतात. वस्तूत काही उणे असले म्हणजे तीत खोट आहे असे आपण म्हणतो, आणि वाणीत सत्य नसले म्हणजे ती खोटी आहे असे म्हणतो. पहिली गोष्ट वस्तूची, दुसरी माणसाची. या जगात सर्वस्वी निर्दोष अशी वस्तू क्वचितच आढळते. कालाच्या ओघात लाकूड किडते, लोखंड गंजते, शरीरही झिजते. तेव्हा वस्तूत खोट असणे हे कोणाचे पाप नव्हे. परंतु वस्तूतील खोट माणसाच्या व्यवहारात शिरून तिचे खोटे नेमके केव्हा होते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पंडितांच्या सभेत शोभणारा हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात एका जुन्या मोटारगाडीचे रूप घेऊन आमच्या कार्यकारी मंडळापुढे उभा राहिला. त्या गाडीत वाचकांच्या वर्गणीचा पैसा गुंतलेला होता; म्हणून त्याचा जमाखर्च आणि त्यानिमित्ताने झालेला विचार, दोन्ही वाचकांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

संस्थेच्या वतीने खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीकडील रानातल्या वाड्यांवर दरमहा एक डॉक्टर व औषधांची पेटी जाते, हे वाचकांस ठाऊक आहेच. मलप्रभेचा उगम जेथे होतो त्या कणकुंबीपर्यंत डांबरी रस्ता आहे. परंतु आडबाजूच्या वाड्यांकडे वळले की तांबड्या मातीची वाट सुरू होते, आणि आषाढात त्या वाटेवर साधी गाडी चाके रुतून जागच्या जागी थांबते. तेव्हा चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हची गाडी घ्यावी असे ठरले. गाडी चालविण्याची सेवा जे गृहस्थ विनावेतन करतात त्यांनी साठी ओलांडली आहे व गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यांना वारंवार क्लच दाबणे सोसत नाही. म्हणून गिअर आपोआप बदलणारी, ऑटोमॅटिक गाडी मिळाल्यास बरे, अशी दुसरी अट त्यात मिळाली. नव्या गाडीची किंमत संस्थेच्या आवाक्याबाहेरची होती. शोध घेता घेता शहरातील एका विक्रेत्याकडे दोन्ही अटींत बसणारी एक जुनी गाडी आढळली. तशा इतर गाड्या चार लाखांच्या आत मिळत नव्हत्या. ही मात्र २,२५,००० रुपयांस मिळत होती. आम्हा पाच जणांच्या सह्यांनी व्यवहार पुरा झाला, आणि देवापुढे नारळ फोडून गाडी दारी आली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे कबूल केली पाहिजे. गाडी घेण्यापूर्वी आम्ही पुष्कळ चौकशी केली होती. कागदपत्रे पाहिली, विमा पाहिला, टायर पाहिले, रंगावरची ओरखड देखील बोट फिरवून पाहिली. विचारला नाही तो एकच प्रश्न: 'ही गाडी इतकी स्वस्त का?' तो प्रश्न पाचांपैकी प्रत्येकाच्या मनात आला होता, हे पुढे एकमेकांशी बोलताना उघड झाले. परंतु उत्तर मिळाले तर व्यवहार मोडेल, आणि व्यवहार मोडला तर पावसाळ्यापूर्वी गाडी मिळणार नाही, या भीतीने प्रत्येकाने तो ओठांआडच ठेवला. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात. आमचे तसे झाले नाही. अक्कल आमच्यापाशी होती. आम्ही तिला त्या दिवशी दाराबाहेर बसवून ठेवले होते.

पुढे काय घडले हे समजण्यासाठी या यंत्राची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा सांधा क्लचच्या तबकडीने जुळतो व चालकाच्या पायाने सुटतो. ऑटोमॅटिक गाडीत हे काम तेलाकडे असते. इंजिनाने फिरणारा एक पंप त्या तेलाला दाब देतो. इंजिनाची फिरकी पुढे पोचते ती तेलातून, आणि पेटीतील बारीक क्लचपट्ट्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात त्याही त्याच तेलाच्या जोरावर. तेल स्वच्छ व दाब पुरेसा असेल तोवर चालकाला काही कळतही नाही. पण पट्ट्यांचे अस्तर झिजले, रबरी सीलमधून दाब निसटू लागला, की पट्ट्या घसरतात. घसरल्या की तापतात. तापल्या की तेल करपते. आणि करपलेले तेल पट्ट्यांना अधिकच घसरविते. इंजिन ओरडते, पण चाके फिरत नाहीत. यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की हा दोष बहुधा प्रथम दिसत नाही. सकाळच्या गारव्यात, सपाट रस्त्यावर, दहा मिनिटांच्या फेरीत तेल दाट असते आणि गाडी गुणी मुलासारखी चालते. ओझे भरून, चढावर, तासभर चालविल्यावर तेल पातळ होते, आणि मग तिचे खरे रूप प्रकट होते. आम्हांस ती गाडी सकाळी साडेसात वाजता, सपाट रस्त्यावर दाखविण्यात आली होती.

खरे रूप प्रकट झाले ते तिसऱ्या फेरीत, कणकुंबीच्या पलीकडील एका चढावर. गाडीत डॉक्टर होते, औषधे होती, आणि शहरात इस्पितळात आणावयाची एक वृद्ध बाई होती. चढाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज एकाएकी चढला आणि गाडीचा वेग मात्र शून्यावर आला. चारही चाकांना ओढ देणारी ती गाडी एकाही चाकाला ओढ देईना. पाऊस कोसळत होता. गाडी हाताच्या अंतराने मागे सरकू लागली. डॉक्टरांनी उडी मारून चाकामागे दगड लावला म्हणून बरे. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू करता येत नाही, आणि ती ओढून नेतानाही फिरणारी चाके उचलावी लागतात. कारण इंजिन बंद असता पंप बंद, आणि पंप बंद असता पेटीतील भाग कोरडेच घासतात. त्या वृद्ध बाईस अखेर गावकऱ्यांनी डोलीत घालून मोठ्या रस्त्यापर्यंत आणले. देवाच्या कृपेने कोणास इजा झाली नाही. परंतु देवाची कृपा हा आमच्या हलगर्जीपणाचा बचाव होऊ शकत नाही.

मिस्त्रींनी पेटीतील पट्टी बाहेर काढून नाकाशी धरली. जे तेल माणकासारखे तांबडे असावयाचे ते काजळासारखे झाले होते आणि त्यास करपलेला वास येत होता. दुरुस्तीस १,७०,००० रुपये लागतील आणि तरी शाश्वती देता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. आम्ही विक्रेत्याकडे गेलो. ते गृहस्थ रागावले नाहीत की लाजलेही नाहीत. शांतपणे एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही विचारलंत कुठं?"

या उत्तराचा आम्हांस संताप आला. परंतु संतापाची परीक्षा पुढेच होती. आठ दिवसांच्या आत एक तरुण चौकशीस आला. गोव्याहून येणाऱ्या प्रवाशांना जंगलातील धबधबे दाखविण्याचा धंदा त्यास सुरू करावयाचा होता, आणि घरातील दागिने मोडून त्याने २,००,००० रुपये उभे केले होते. एका हितचिंतकाने आम्हांस सल्ला दिला, की पेटीतील तेल बदलून ताजे तांबडे तेल भरा, पुढच्या पट्टीवरचा इशाऱ्याचा दिवा पुसून टाका, आणि सकाळी साडेसातला, सपाट रस्त्यावर गाडी दाखवा. संस्थेचे नुकसान पंचवीस हजारांवर निभावेल. 'त्याने विचारले तर खरे सांगा. नाही विचारले तर आपण होऊन कशाला बोला? झाकली मूठ सव्वा लाखाची!' ज्या उत्तराने आम्ही आठ दिवसांपूर्वी संतापलो होतो तेच उत्तर आता आमच्या घरी पाहुणे म्हणून आले होते; आणि नवल हे, की आमच्यापैकी काहींनी त्यास बसावयास पाट दिला.

त्या रात्री मंडळाच्या बैठकीत जो वाद झाला त्यातील मुद्दे क्षुल्लक नव्हते. ते मांडणारे लोकही अप्रामाणिक नव्हते. म्हणूनच त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

पहिला मुद्दा कायद्याचा होता. आमच्यातील एका वकील सभासदांनी १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम काढून दाखविले. नुसते मौन म्हणजे कपट नव्हे, असे त्याचे स्पष्टीकरण सांगते; आणि उदाहरण घोड्याचे देते. लिलावात घोडा विकणाऱ्यास घोड्याचा दोष ठाऊक आहे, तो काही बोलत नाही. हे कपट नव्हे. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याची सर्वसाधारण वृत्तीही अशीच, की घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवून घ्यावे. येथवर कायदा हितचिंतकाच्या बाजूचा दिसतो. परंतु त्याच कलमातील पुढची उदाहरणे वाचली म्हणजे दृश्य पालटते. घोडा घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, 'तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालतो,' तर त्यानंतरचे मौन हे बोलण्यासारखेच होय. म्हणजे कायद्यालाही मौनाची जात पाहावी लागते. मौन कोणापुढे धरले आणि ते ऐकणाऱ्याच्या कानात कोणता शब्द होऊन पडले, हा खरा प्रश्न आहे. देवळाच्या ओसरीवर, देवळाच्या नावाची गाडी पाहावयास आलेला तरुण काय ऐकतो? तो मनाशी म्हणतो, 'देवळाची माणसे आहेत, खोट असती तर बोलली असती.' आमचे मौन त्याच्या कानी 'गाडी चांगली आहे' असेच पडणार, आणि हे आम्हांस ठाऊक आहे. याखेरीज, ताजे तेल भरून दिवा पुसणे हे मौनही नव्हे. ते हातांनी बोललेले असत्य आहे, आणि अशा लपवाछपवीस हाच कायदा कपट म्हणतो.

शिवाय कायदा ही नीतीची कमाल मर्यादा नव्हे, किमान मर्यादा होय. कुंपण कोठे संपते हे ते सांगते. आत काय पेरावे हे सांगत नाही. हा वाद काही आजचा नव्हे. रोमन पंडित किकेरो, ज्यास आपण इंग्रजीच्या वाटेने सिसेरो म्हणतो, त्याने इसवी सनापूर्वी ४४ साली लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात हेच विचारले आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असता एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे तोच एकटा जाणतो. ते त्याने सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? डायोजिनीस हा तत्त्वज्ञ म्हणतो, कायदा सांगतो तेवढेच दोष सांगावे. अँटिपॅटर हा दुसरा म्हणतो, विकणाऱ्यास जे ठाऊक ते घेणाऱ्यापासून लपू नये. किकेरोचा कौल दुसऱ्याकडे आहे. आपल्या फायद्यासाठी, ज्यांना एखादी गोष्ट कळणे हिताचे आहे त्यांना ती कळू न देणे, यासच तो लपविणे म्हणतो.

आपल्या स्मृतिकारांनी तर या बाबतीत व्यापाऱ्याची मूठ उघडावयासच लावली आहे. दोषयुक्त, मिसळ केलेला, वजनात उणा किंवा झाकून ठेवलेला माल विकू नये, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. आणि खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांत ती परत फिरविण्याची सोयही तेथेच आहे. याज्ञवल्क्याने तर वस्तुपरत्वे परीक्षेचे दिवस नेमून दिले: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, रत्नांस सात, दुभत्या जनावरास तीन, आणि ओझे वाहणाऱ्या जनावरास पाच. याच स्मृतीवरील मिताक्षरा ही थोर टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने रचली. ओझे वाहणाऱ्यास पाच दिवस का? कारण उघड आहे. बैल दावणीला बांधलेला असता सर्वच बैल चांगले; जुवाखाली बसणारा बैल कोणता, हे भरल्या गाडीने चढ चढल्याशिवाय कळत नाही. पेटीतील तेल तापल्यावाचून न दिसणारा दोष आणि ओझे पाठीवर आल्यावाचून न दिसणारा बैलाचा दोष, यांत तत्त्वतः काही भेद नाही. घेणाऱ्यास जे दिसू शकत नाही ते दिसण्यास वेळ द्यावा, आणि वेळ देता येत नसेल तर तोंडाने सांगावे, हा त्या जुन्या नियमाचा गाभा आम्हांस वाटतो.

दुसरा मुद्दा किंमतीचा होता. 'कमी किंमत म्हणजेच दोषाची कबुली,' असे एक सभासद म्हणाले. यात अर्धे सत्य आहे. किंमत हे सांगते की काहीतरी उणे आहे. काय उणे आहे हे सांगत नाही. रंग उडालेली गाडीही स्वस्त मिळते आणि घाटात मागे घसरणारी गाडीही स्वस्त मिळते. घेणारा स्वतःच्या आशेप्रमाणे पहिलीच धरून चालतो. आम्हीही तेच केले नव्हते काय? अर्धे सत्य मोठ्याने आणि उरलेले हळूच बोलण्याचे फळ काय, हे महाभारताने एका वाहनाच्याच दृष्टांताने सांगितले आहे. अश्वत्थामा मेला हे धर्मराजाने मोठ्याने म्हटले, तो हत्ती होता हे पुटपुटले. आणि तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली येऊन इतरांच्या रथांसारखा मातीवरून चालू लागला. धर्मराजाचे शब्द तपासले तर खोटे नव्हते. रथाने मात्र शब्द तपासले नाहीत, हेतू तपासला.

किंमतीच्या या मुद्द्यास बाजाराचीही एक बाजू आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक प्रसिद्ध निबंध लिहिला. अशाच विचारांसाठी २००१ साली त्यास इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडीचा दोष विकणाऱ्यास ठाऊक व घेणाऱ्यास अज्ञात असला, की घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतो आणि सर्वच गाड्यांना मधली किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या धन्यास परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो. मग मागे वाईट गाड्याच अधिक उरतात, आणि संशय आणखी वाढतो. म्हणजे एका माणसाच्या मौनाचा दंड त्याच्या गिऱ्हाइकापुरता राहत नाही. प्रामाणिक माणसाची चांगली गाडीही त्यामुळे विकली जात नाही. मौन हे नाणे एकदा बाजारात चालू लागले, की खऱ्या शब्दासही कोणी सुटे देत नाही.

तिसरा मुद्दा 'आम्हीच फसलो' हा. फसलेल्यास फसविण्याचा अधिकार प्राप्त होतो, अशी एक समजूत मनात नकळत दबा धरून असते. एक खोटा रुपया आपल्या हाती आला की तो दुसऱ्याच्या हाती सरकवावा, म्हणजे हिशेब मिटला, असे वाटते. हिशेब मिटत नाही; तो केवळ अधिक दुबळ्या माणसाच्या वहीत लिहिला जातो. आमच्यापाशी संस्था होती, वर्गणीदार होते. त्या तरुणापाशी मोडलेले दागिने होते. तेव्हा दोष जाणणारा प्रत्येक धनी हा त्या दोषाचा देणेकरी असतो, आणि हे देणे दोन प्रकारांनीच फिटते: दोष दुरुस्त करून, नाहीतर तो सांगून. तिसरा मार्ग नाही. आणि वाहनाच्या बाबतीत आणखी एक पक्ष असतो, ज्याची सही कोणत्याच कागदावर नसते: चढावर त्या गाडीमागून येणारा दुचाकीस्वार, गाडीत बसलेली कोणाची तरी आई. कापड विरले तर घेणाराच थंडीने कुडकुडतो; गाडी घसरली तर ज्याने सौदा पाहिलाही नाही तो मरतो. उतारावर तर ही गोष्ट अधिकच भयंकर, कारण खालच्या गिअरची आडवण मिळाली नाही की सारा भार ब्रेकवर पडतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.

चौथा मुद्दा सर्वांत कठीण होता, आणि तो सर्वांत सज्जन सभासदांनी मांडला. ते म्हणाले, 'माझी स्वतःची गाडी असती तर मी नुकसान सोसून खरे सांगितले असते. पण हा पैसा माझा नव्हे, देवाचा आहे. विश्वस्ताला स्वतःच्या सद्गुणाची हौस देवाच्या पैशाने भागविण्याचा अधिकार काय?' या प्रश्नापुढे बैठक काही वेळ निःशब्द झाली. विश्वस्ताचे पहिले कर्तव्य द्रव्यरक्षण हे खरे. आणि परक्याच्या पैशाने उदार होणे हे औदार्य नव्हे, हेही खरे.

परंतु थोडा खोल विचार करता या मुद्द्यातच त्याचे उत्तर आहे. पैसा देवाचा, म्हणजे गाडीही देवाची. हे केवळ भाविकाचे बोलणे नव्हे. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता धारण करणारी व्यक्ती होय, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मान्य केले आणि आपली न्यायालयेही ते तत्त्व मानीत आली आहेत. मग गाडी विकणारा कोण? आम्ही पाच जण नव्हे. आम्ही हस्तक, विकणारा स्वतः देव. त्या तरुणापुढे जो गप्प राहणार, ताज्या तेलाने करपलेला वास झाकणार, तोही मग देवच! ज्याच्यापुढे उभे राहून लोक शपथा घेतात त्याच्या तोंडी आम्ही हे मौन घालावयाचे काय? द्रव्याचे रक्षण करावयाचे ते धन्यासाठी. धन्याचे नाव विकून वाचविलेले द्रव्य रक्षिले गेले असे कोणता मुनीम म्हणेल? देवाच्या पैशाने सद्गुणाची हौस भागवू नये हे मान्य. पण देवाच्या नावाने दुर्गुणाची सोयही लावू नये.

आणि नुकसानीचे काय? येथे आम्हांस आमच्या न विचारलेल्या प्रश्नाकडे परत जावे लागले. विश्वस्ताने पुरेशी काळजी घेऊनही नुकसान झाले तर ते संस्थेचे होय. त्याबद्दल विश्वस्तास दोषी धरणे अन्याय होईल. परंतु आम्ही पुरेशी काळजी घेतली नव्हती. वाहनाच्या जाणकार मिस्त्रीकडून ओझे भरून, चढावर, तेल तापेपर्यंत गाडी तपासून घेण्यास अर्धा दिवस व थोडे पैसे लागले असते. पट्टी काढून तेलाचा रंग आणि वास पाहण्यास तर दोन मिनिटेही लागली नसती. स्वस्त का, हा प्रश्न विचारण्यास काहीच लागले नसते. आम्ही उत्तर ऐकू इच्छीत नव्हतो, म्हणून विचारले नाही. विक्रेता बोलला नाही हा त्याचा दोष. पण त्याच्या मौनात आमच्या मौनाने साथ दिली होती. फसविणाऱ्यास फसू इच्छिणारा मिळाला, की सौदा चटकन जुळतो. तेव्हा हे नुकसान देवाचे नव्हते, त्या तरुणाचेही नव्हते. ते आमचे होते.

तो तरुण दुसऱ्या दिवशी आला, आणि गाडीभोवती फिरून म्हणाला, "काका, गाडी चांगलीच असणार, देवळाची आहे." त्यास आम्ही ओसरीवर बसवून चहा दिला आणि मिस्त्रींचा कागद त्याच्या हाती ठेवला. तो वाचून तो बराच वेळ गप्प राहिला व नंतर नमस्कार करून निघून गेला. पुढे दीड महिना गाडी ओसरीशेजारी पावसात उभी होती. येणारे-जाणारे तिजकडे पाहून हसत. अखेर एका गॅरेजवाल्याने, दोष विक्रीच्या कागदावर लिहून घेऊन, सुट्या भागांसाठी ती ९०,००० रुपयांस घेतली. १,३५,००० रुपयांची तूट आम्ही पाच जणांनी प्रत्येकी २७,००० प्रमाणे भरून काढली. त्यांपैकी दोघांस ते सोपे गेले नाही. एकाने तर हप्त्यांनी दिले. संस्थेच्या खात्यात २,२५,००० रुपये पूर्ववत जमा आहेत. कोणाही वर्गणीदारास कार्यालयात ते पाहता येतील. वाड्यांवर सध्या डॉक्टर भाड्याच्या गाडीने जातात व शेवटचे अंतर पायी चालतात.

यावरून जुनी, सदोष किंवा स्वस्त वस्तू घेऊच नये असा अर्थ कोणी काढू नये. दोष जाणून, दुरुस्तीचा खर्च किंमतीत मिळवून, आणि दुरुस्ती होईपर्यंत कोणास त्या गाडीत न बसविता घेतलेली जुनी गाडी हा चोख व्यवहार होय. गरिबाची सोय अशाच व्यवहारांवर चालते. गॅरेजवाल्याने घेतलेली गाडी तीच होती, तिची पेटीही तीच होती, तेलही तसेच करपलेले होते. आमच्या पहिल्या व्यवहारात आणि या शेवटच्या व्यवहारात भेद एकच होता, तो म्हणजे कागदावरील एका ओळीचा. त्या ओळीने गाडीची खोट गेली नाही. मात्र ती व्यवहारात शिरावयाची थांबली.

शांतिपर्वात जाजली नामक तपस्व्याची कथा आहे. उभ्या तपश्चर्येत त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले, पिले वाढली, तरी तो हलला नाही. आणि त्याचा त्यास गर्व झाला. तेव्हा त्यास सांगण्यात आले, की धर्म शिकावयाचा तर काशीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे जा. तुलाधाराने कोणते तप केले होते? त्याचा तराजू सर्वांस सारखा होता, एवढेच. देवळात काकड आरतीस नेमाने येणारे आम्ही पाच जण आमच्यापरीने जाजलीच होतो. तराजू हाती आला तेव्हा त्याचा काटा क्षणभर हलला, हे लपविण्यात अर्थ नाही. तो पुन्हा जागेवर आला याचे श्रेय आम्ही घेत नाही. ते त्या करपलेल्या तेलाच्या वासाचे असेल, किंवा 'तुम्ही विचारलंत कुठं' या शब्दांचे असेल. वाचकांस एवढीच विनंती, की घेताना विचारण्यास आणि विकताना सांगण्यास कोणीही लाजू नये. विचारलेला प्रश्न आणि सांगितलेला दोष, यांस आजवर कोठेही कर बसलेला नाही.